बेघर माणसाला नाताळात निवारा द्यायचा, तर त्याच्या कुत्र्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मिरजेतल्या तुमच्या ख्रिस्ती मंडळीचा युवक संघ नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या हॉलमध्ये बेघरांसाठी जेवण आणि मुक्काम ठेवतो. गेल्या वर्षी स्टेशनबाहेरचे काही जण जेवले आणि परत फुटपाथवर जाऊन झोपले, कारण कुत्र्याला आत घेणार नाही असं त्यांना दारातच सांगितलं गेलं. यंदा ती माणसं थांबावीत म्हणून कुत्र्यांना चार-आठ दिवस एखाद्या संस्थेत ठेवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. एका रात्रीसाठी एवढा खटाटोप करावा का, हेही विचारलंय. शेवटी त्या रात्रीचे फोटो काढून फेसबुकवर टाकण्याचं विचारलंय, तिकडे शेवटीच येते.

मी पशुवैद्य आहे. नोकरीचा बराच काळ सांगली जिल्ह्यात गेला आणि आता हिवाळ्यात रस्त्यावरच्या माणसांच्या कुत्र्यांसाठी लसीकरणाची शिबिरं घेते. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: कुत्र्यांना दुसरीकडे ठेवायची सोय शोधू नका. ती सोय झाली तरी तुमची माणसं येणार नाहीत. संस्था कितीही चांगली असो, रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते की हातातून गेलेली वस्तू परत मिळत नाही. त्याचं बोचकं गेलं, आधार कार्ड गेलं, चपला गेल्या, त्यातलं काहीही परत आलेलं नाही. ‘चार दिवसांनी आणून देऊ’ या शब्दावर तो कुत्रं सोपवणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तेव्हा दोघांना एकाच हॉलमध्ये कसं झोपवायचं, एवढाच विचार करा. ते जमण्यासारखं आहे.

तो कुत्र्याला इतका का धरून बसतो, हे तुमच्या कार्यकर्त्यांना नीट कळलेलं असू द्या, कारण दारावर उभं राहून निर्णय तेच घेणार आहेत. उघड्यावर झोपणाऱ्याची रात्रीची राखण कुत्रं करतं. कोणी बोचक्याला हात घातला, दारू पिऊन कोणी त्रास द्यायला आलं, तर पहिली जाग त्यालाच येते. एकट्या बाईच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. मिरज-सांगलीत डिसेंबरच्या रात्री पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, आणि कुत्र्याच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२ अंश फॅरेनहाइट असतं. पांघरुणात त्याची ऊब खरोखर लागते. आणि दिवसभर ज्याला कोणी नावानं हाक मारत नाही, त्याला पाहून शेपटी हलवणारं तेच एक असतं. लोक म्हणतात, ‘स्वतःला खायला नाही आणि कुत्रं पाळतोय.’ पण हे कुत्रं त्यानं विकत घेतलेलं नसतं. ते त्याच्याजवळ येऊन बसलेलं असतं आणि दोघांनी एकमेकांना ठेवून घेतलेलं असतं.

आपल्या भागाला हे नवीन नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पुरात गोठ्यातली जनावरं सोडून निघायला तयार नसलेली माणसं नदीकाठच्या गावागावांत होती. बोट दारात आली तरी ‘म्हशीचं काय?’ हा प्रश्न आधी यायचा. त्यांना कोणी वेडं म्हटलं नाही. स्टेशनबाहेरच्या माणसांचा प्रश्न तोच आहे.

परदेशात यावर बरंच काम झालंय. ब्रिटनमध्ये ‘डॉग्ज ट्रस्ट’ ही संस्था बेघरांच्या कुत्र्यांना मोफत उपचार मिळवून देते. २०१६ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रीटव्हेट’चे पशुवैद्य पाठीवर औषधांची पिशवी घेऊन रस्त्यावरच कुत्री तपासतात, आणि बेघरांच्या वसतिगृहांनी कुत्र्यांसकट माणसं घ्यावीत म्हणून त्यांना तयारही करतात. त्यांचा अनुभव आपल्याला एवढ्यापुरता उपयोगी आहे की कुत्र्याला दार उघडलं की माणूस आत येतो, आणि एकदा आत आला की त्याच्या स्वतःच्या उपचारांबद्दल बोलता येतं. बाकीचं जसंच्या तसं उचलू नका. तिथे कुत्र्याला मायक्रोचिप बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्यामुळे कुत्रं कोणाचं हे यंत्र फिरवून कळतं. आपल्याकडे ते काम पट्टा, कार्ड आणि फोटो यांनाच करावं लागतं.

आता तयारी. तुमच्याकडे अजून पाच-सहा आठवडे आहेत, ते फार मोलाचे आहेत. सर्वात आधी लस. रेबीजची लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे २४ डिसेंबरला हॉलच्या दारात टोचलेल्या लसीचा त्या रात्री काही उपयोग नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा फार तर डिसेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेशनवर जाऊन टोचा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ही लस सहसा देत नाहीत. त्यावरच्या कुत्र्याला पहिली मात्रा, महिनाभरानं दुसरी आणि पुढे दरवर्षी एक. जमल्यास पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजारांची एकत्रित लसही द्या. लेप्टो उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि माणसालाही होतो, म्हणून पूर येणाऱ्या आपल्या भागात मी त्याचा आग्रह धरते. सोबत जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांचा बंदोबस्त करा.

लस टोचायला जाल तेव्हा कुत्र्याला माणसानंच धरायचं. अनोळखी कार्यकर्त्यानं मागून मानगूट पकडली की घाबरून चावणारच. मी आधी माणसाशेजारी बसते, कुत्र्याचं नाव विचारते, ते किती दिवसांपासून आहे, काय खातं, कुठे दुखतं हे त्याच्याकडून ऐकते. या गप्पांत निम्मी तपासणी होते. आणि त्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी असं काही विचारलेलं असतं ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे. मिरज जंक्शनवर पंढरपूर-कुर्डुवाडीकडची गाडी येते, तशी बेळगाव-हुबळीकडचीही येते. तुमच्या गटात कानडी बोलणारं एक माणूस घ्याच. मराठीत गप्प बसणारे कितीतरी जण कानडीत पोटभर बोलतात.

औषधांबाबत दोन सवयी तुम्हाला हमखास दिसतील आणि त्या प्रेमानं मोडाव्या लागतील. खरजेवर जळकं ऑईल चोळणं ही पहिली. त्यानं कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. खरजेवर चांगली औषधं आहेत, पण ती पशुवैद्याला कुत्रं दाखवूनच द्या. दुसरी सवय म्हणजे गाई-म्हशींच्या गोचिडांचं औषध अंदाजानं पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणं. त्यातून विषबाधा होते. तसंच माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळीनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

हॉलची मांडणी कशी असावी हे बरंचसं हॉलवर अवलंबून आहे. व्हरांडा आहे का, दारं किती, बाहेर मोकळी जागा आहे का, हे मला इथून दिसत नाही. तरी काही गोष्टी कुठेही लागू पडतात. कुत्रेवाल्यांना वेगळ्या दारानं आत आणा, म्हणजे जेवणाच्या रांगेत दोन कुत्री समोरासमोर येणार नाहीत. प्रत्येकाला भिंतीला पाठ लागेल अशी जागा द्या आणि दोन कुत्र्यांमध्ये दहा-बारा फुटांचं अंतर ठेवा. मध्ये बाकं आडवी टाकून आडोसा केला तर आणखी बरं. एकमेकांकडे टक लावता आलं नाही की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. माजावर आलेली मादी असेल तर तिला आणि तिच्या माणसाला पाळकांची (पास्टरची) खोली, स्वयंपाकघराची पडवी, जे असेल ते वेगळं द्या. कुत्रं खांबाला बांधू नका, दोरी माणसाच्या हाताशी असू द्या. सुतळी गळ्यात काचते, म्हणून रुंद कापडी पट्टे आणि चार-पाच फुटांच्या दोऱ्या आधीच आणून ठेवा. दोन-तीन मुसकी हाताशी असावीत, पण सरसकट सगळ्यांना बांधायची नाहीत.

शहाबादी फरशी रात्री बर्फासारखी गार पडते. खाली पुठ्ठे, त्यावर गोणपाट, त्यावर गोधडी असा थर करा. नुसत्या दोन चादरी पांघरायला दिल्या तरी गारठा खालून येतो. कुत्र्यासाठी एक जादा गोणपाट ठेवा, पण ते माणसाच्या अंथरुणाला लागूनच. फरशी पुसायला नुसतं फिनाईल पुरत नाही. पार्व्होचा विषाणू त्याला दाद देत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं. ते कुत्री यायच्या आधी वापरून जमीन कोरडी करून घ्या. उलट्या आणि रक्ताची हगवण असलेलं पिल्लू दिसलं तर ते हॉलमध्ये आणू नका. त्याला त्याच्या माणसासकट थेट दवाखान्यात न्या.

हॉलमध्ये कुत्र्यांना घाबरणारी माणसंही असतील आणि त्यांचा हक्क तेवढाच आहे. मिरजेत दर्ग्याच्या परिसरात राहणारे काही जणही तुमच्याकडे जेवायला येतील. त्यांच्यातल्या नमाज पढणाऱ्यांना कुत्र्याची लाळ लागलेली जागा चालणार नाही. त्यांना हॉलची दुसरी बाजू आणि स्वच्छ चटया द्या, आणि हे त्यांनी मागायच्या आधी करा. दोन्ही बाजूंचा मान राखला की तक्रारी फारशा येत नाहीत. रात्री जागे राहणारे दोघे जण नेमा, त्यातला एक तरी कुत्र्यांची सवय असलेला हवा. झोपण्यापूर्वी आणि पहाटे कुत्र्यांना बाहेर फिरवून आणायची वेळ ठरवून ठेवा.

माणसं येणार कशी, हेही आधी ठरवा. कुत्रं बरोबर असलं की रिक्षावाले थांबत नाहीत. एखादा ‘छोटा हत्ती’ टेम्पो सांगून ठेवा आणि बोचकीही त्यातून येऊ द्या. बोचकं मागे ठेवायला सांगितलं तरी माणूस येत नाही.

जेवणाचं थोडं जास्त सांगते, कारण सणाच्या रात्री खरा धोका ताटातून येतो. कुत्रेवाला माणूस आधी आपल्या ताटातलं कुत्र्याला घालतो. तुम्ही कुत्र्याला वेगळं दिलं नाहीत तर तुम्ही वाढलेलं अर्धं तोच खाणार नाही. म्हणून कुत्र्यांचं जेवण माणसांच्या आधी वाढा, प्रत्येकाला त्याच्या जागेवर, वेगळ्या पत्रावळीत. एकाच घमेल्यात ठेवलंत तर तिथेच भांडण लागेल. मऊ भात आणि बिनमसाल्याचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन किंवा अंडं पुरे. ते नसेल तर भाकरी ताकात कुस्करून द्या. उपाशी कुत्र्याला एकदम पोटभर घालू नका, दोन वेळा थोडं थोडं द्या. बिर्याणीतला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतो. शिजलेली हाडं फुटून आतड्यात टोचतात. केकमधले मनुके आणि काळ्या मनुका मूत्रपिंडांवर घाव घालतात, आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हृदयावर. नाताळचा केक म्हणजे यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या. कुत्र्याला केक भरवायला उत्सुक मुलं तुमच्याकडे असतीलच, त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या हातात उकडलेल्या अंड्याचे तुकडे द्या, हौसही फिटेल.

आणि फटाके. मध्यरात्रीच्या उपासनेनंतर किंवा ३१ डिसेंबरला बार उडाले की कुत्रं दोरी तोडून पळतं. रेल्वेच्या रुळांजवळ हे किती घातक आहे ते सांगायला नको. तुमच्या आवारात तरी फटाके बंद ठेवा, आणि ३१ च्या रात्रीही हॉल उघडा ठेवता आला तर पाहा. जमेल तेवढं करा, पण दोनपैकी एकच रात्र निवडायची असेल तर मी ३१ निवडेन, हे मनापासून सांगते. सणाचं जेवण दुसरंही कोणी देतं, आवाजापासून आडोसा कोणी देत नाही.

कोणी चावलंच तर गडबडून जाऊ नका. जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका आणि त्याच रात्री सरकारी रुग्णालयात नेऊन रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर डॉक्टर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतील. कुत्र्याला पळवून लावू नका. ते त्याच्या माणसाजवळ दहा दिवस नजरेखाली राहिलं पाहिजे. दहा दिवसांनंतरही ते धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असं म्हणता येतं. कुत्रं पळून गेलं तर ही खात्री करायची वाटच उरत नाही. दोघांना एकत्र ठेवण्याचा हाही एक फायदा आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एका रात्रीसाठी हे करावं का. करावं, पण त्या रात्रीत पुढच्या वर्षाची तजवीज करून ठेवावी. माझ्या पाहण्यात माणसाची आणि कुत्र्याची ताटातूट बहुतेक वेळा तीन ठिकाणी होते: माणूस रुग्णालयात भरती होतो तेव्हा, पोलीस माणसाला उचलतात तेव्हा, आणि महापालिकेची गाडी कुत्र्याला उचलते तेव्हा. तिन्ही वेळी सगळं काही मिनिटांत घडतं, आणि माणसाकडे दाखवायला काहीच नसतं.

गाडीचं आधी सांगते, कारण सध्या तेच निकडीचं आहे. एरवी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच सोडतात. पण ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवून निवारागृहात ठेवायला सांगितलं, आणि त्यांना त्याच जागी परत सोडायचं नाही असंही म्हटलं. तुमची माणसं नेमकी स्टेशनच्या दारात राहतात. त्यांचं कुत्रं गाडीत गेलं तर परत येईल असं धरून चालू नका. ते भटकं नाही, या माणसाचं आहे, हे दिसलं पाहिजे. त्यासाठी चांगला पट्टा हवा, त्यावर तुमच्या संघाचा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईनं लिहिलेला. लसीकरणाचं कार्ड हवं, मालक म्हणून त्या माणसाचं नाव घातलेलं आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेलं. नसबंदी करून घ्या, म्हणजे कुत्रं भटकणार नाही आणि पिल्लांचा भार त्या माणसावर पडणार नाही. श्वान परवान्याबद्दल महापालिकेत विचारा. पत्त्याची अडचण येईल, तेव्हा मंडळीचा पत्ता ‘मार्फत’ म्हणून देता येईल का हे पाळकांशी बोलून ठरवा. हे सगळं असूनही गाडीनं कुत्रं नेलं, तर त्याच दिवशी कार्ड घेऊन महापालिकेत जा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

पोलिसांचं असं आहे की भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदा आपल्याकडे लागू आहे आणि अधूनमधून मोहीम निघते. माणूस गाडीत आणि कुत्रं गाडीमागे धावतंय, हे मी पाहिलंय. रेल्वेची हद्द वेगळी आणि शहर पोलिसांची वेगळी, म्हणून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना नाताळच्या निमित्तानं भेटून या. आमच्याकडे या माणसांची नावं आणि त्यांच्या कुत्र्यांची कार्डं आहेत, कोणाला नेलंत तर आम्हाला एक फोन करा, एवढंच मागा. माझ्या अनुभवात ही विनंती सहसा कोणी नाकारत नाही, फक्त आधी जाऊन करावी लागते.

रुग्णालयाचं सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात महत्त्वाचं. खोकल्यातून रक्त पडतंय, पायाची जखम चिघळलीय आणि माणूस भरती व्हायला तयार नाही, कारण कुत्रं कोणाजवळ ठेवू? अशानं पाय गमावलेली माणसं मी पाहिलीत. म्हणून त्या रात्री गप्पांच्या ओघात प्रत्येकाला विचारा, ‘तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलं तर हा कोणाजवळ राहील?’ उत्तर नसेल तर ते तुम्ही उभं करा. मंडळीतली दोन-तीन घरं अशी शोधा की ज्यांच्याकडे अंगण आहे आणि जी दहा-पंधरा दिवस कुत्रं सांभाळतील. त्या घरच्यांची त्या माणसाशी आणि कुत्र्याशी आधीच ओळख करून द्या. वेळ आली की एका कागदावर लिहा: कुत्रं अमुक यांचं आहे, तात्पुरतं सांभाळायला घेतलंय, बरे होऊन आल्यावर परत द्यायचं. खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठे, आणि एक प्रत माणसाजवळ. भरती असताना दर दोन-तीन दिवसांनी कुत्र्याचा फोटो नेऊन दाखवा. एका आजोबांनी अशा फोटोवर टीबीच्या उपचारांचे सुरुवातीचे कठीण आठवडे काढले. एरवी ते पळून आले असते, हे त्यांनीच मला सांगितलं.

सांभाळणाऱ्या घराला कुत्र्याचा लळा लागतो आणि ‘आमच्याकडे तो जास्त सुखात आहे’ असं वाटू लागतं. तिथे तुम्हाला ठाम राहावं लागेल. परत द्यायचं म्हणजे द्यायचं. एकदा जरी शब्द मोडला तर ते स्टेशनवर सगळ्यांना कळतं आणि पुढची काही वर्षं तुमच्याकडे कोणी कुत्रं सोपवणार नाही.

मग कुत्रं कधीच काढून घ्यायचं नाही का? परिस्थितीवर आहे. मार बसतोय, तोंडाला-पायाला जखमा आहेत, भीक जास्त मिळावी म्हणून लहान पिल्लांना गुंगीचं काही दिलं जातंय, तर ते क्रौर्य आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा तिथेही लागू होतो, आणि पशुवैद्याला सोबत घेऊन तक्रार करावी. पण कुत्रं हाडकुळं आहे, मळलंय, खरजलंय, एवढ्यावर काढून घेऊ नका. बऱ्याच वेळा माणूसही तसाच असतो. दोघांना खायला आणि औषध द्या, महिन्याभरात फरक दिसतो. दारूच्या आहारी गेलेल्या किंवा मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाबद्दल सरसकट नियम मी सांगू शकत नाही. तो कुत्र्याशी कसा वागतो हे चार-पाच वेळा, वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा आणि मगच ठरवा.

महापालिकेच्या बेघर निवारा केंद्राशीही बोला. शहरी बेघरांसाठीची ही केंद्रं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या चौकटीत उभी राहिली. दर एक लाख लोकसंख्येमागे एक आणि वर्षभर चोवीस तास उघडं, असं त्यांचं धोरण आहे. तिथे कुत्र्याला प्रवेश मिळेल का हे चालवणाऱ्यांवर आणि जागेवर अवलंबून राहतं. पण आवारात एक शेड, दोन कड्या आणि लसीकरण झालेल्याच कुत्र्यांना प्रवेश, एवढी मागणी अवाजवी नाही. तुमच्या हॉलमधली एक रात्र नीट पार पडली, तर ती मागणी घेऊन जाताना दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. म्हणून त्या रात्री किती माणसं आली, किती कुत्री होती, काही तंटा झाला का, हे सगळं वहीत लिहून ठेवा.

वेळ कमीच पडला तर माझा क्रम असा: आधी रेबीजची लस आणि पट्टा, मग कार्ड, मग सांभाळणारी घरं, आणि हॉलची सजावट सगळ्यात शेवटी.

फोटोंबद्दल. फेसबुकवर टाकण्यासाठी त्यांच्या चेहऱ्यांचे फोटो काढू नका. घर सोडून आलेल्यांपैकी काहींना शोधणारी माणसं चांगली नसतात, विशेषतः बायकांच्या बाबतीत. पण प्रत्येक माणसाचा त्याच्या कुत्र्यासोबत एक स्वच्छ फोटो, त्याला विचारून, जरूर काढा. कुत्र्याची ओळखीची खूण, कापलेला कान किंवा छातीवरचा पांढरा ठिपका, त्यात दिसू द्या. त्याच्या दोन प्रती छापा. एक लसीच्या कार्डामागे चिकटवून त्याला द्या, दुसरी तुमच्या वहीत ठेवा. महापालिकेत किंवा पोलीस ठाण्यात ‘हे याचंच कुत्रं कशावरून?’ असं विचारलं जाईल, तेव्हा तोच फोटो पुढे ठेवायचा. शिबिरासाठी पशुवैद्य मिळाला नाही तर इथेच निरोप टाका. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी मिरजेत आहे, लस आणि जंताची औषधं सोबत घेऊन येईन.